मास्तरांची खाचरं

मास्तर कुणाच्याही लग्नाला गेले की आधी मांडवामागे जायचे. लोकांना वाटायचं, विडी ओढायला गेले. ते जागा बघायला गेलेले असायचे. परत येऊन अक्षता टाकता टाकता शेजारच्या माणसाला सांगायचे, "मागे मैदान बरं आहे. पण पश्चिमेला चिंच आहे. वारा असला तर ही चिंच माणसाला झोपवेल." शेजारचा माणूस नवऱ्यामुलाचा काका.

पुतण्यासाठी मुलगी बघायला ते कांदिवलीला गेले होते. पोहे झाले, मुलीने दोन प्रश्नांची उत्तरं दिली, मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग, कसं काय वाटलं?" मास्तर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "लांबी भरपूर आहे. पण मधून तार गेली आहे." लग्न जमलं, ह्यात मास्तरांचं काही कर्तृत्व नाही.

अंधेरी स्टेशनजवळ त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. आठवडाभर ते तेलाच्या बुधल्या आणि फिरक्या ह्यांच्यात बसायचे आणि रविवारी आम्हाला ग्लायडर उडवायला शिकवायचे, एक पैसा न घेता. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लांब तार बांधून वर ओढायचं, तार सोडून द्यायची आणि तापलेली हवा जिथून वर चढते तिच्या जिवावर घारीसारखं तरंगायचं. हवा संपली की खाली. खाली म्हणजे कुठे, हाच सगळा प्रश्न; मास्तरांना दुसरा प्रश्नच माहीत नव्हता.

आमचं मैदान अंधेरीच्या पश्चिमेला, ताडांच्या मागे, समुद्राच्या बाजूला. सकाळी हवा शांत. दुपारी आपण वर जातो आणि तरंगत तरंगत, न कळत, पूर्वेला सरकतो. खाली रेल्वेचे रूळ जातात, मग मरोळची भातखाचरं येतात. आणि मग तीनच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. आता घर पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून. नाक घराकडे करावं तर यंत्र जागच्या जागी लटकतं आणि खाली मात्र भराभर येतं. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? मास्तर म्हणायचे, "घर विसरावं. पायाखाली काय आहे ते बघावं."

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी आम्हाला ते मरोळला न्यायचे. विमान नाही, काही नाही; नुसतं चालायचं. भाताची कापणी झालेली, खुंट उभे, चारी बाजूंना बांध. मास्तरांच्या हातात छत्री, छत्रीच्या टोकाला शिवणाच्या लाल दोऱ्याचा हातभर तुकडा. तो दोरा कुठे उडतो ते बघत ते पावलं मोजायचे. प्रत्येक खाचराला नाव. "हे पास्कूचं. लांब आहे, पण मधला बांध गवतात लपतो. इथे उतरशील तर चाक ठेवून जाशील. हे फिलूबायचं. हे सोनं आहे, सोनं!"

फिलूबाय म्हणजे मरोळच्या ख्रिस्ती वाडीतली एक म्हातारी. लुगडं गुडघ्यापर्यंत, कानात सोन्याच्या जाड रिंगा, आवाज चर्चच्या घंटेच्या वर. मास्तर स्वतः तिच्या खाचरात इतक्या वेळा उतरले होते, की तिने मोजणं सोडलं होतं.

"मास्तर, पुन्हा माझे शेतान आलास? तुला काय स्वताचा घर नाय?"

"घर आहे बाय. वारा जाऊ देत नाही."

"मंग वाऱ्याला सांग, भाडा दे म्हणून!"

वारा मोजायला मास्तर लोकांची धुणी बघायचे. वरून दोरीवरची धोतरं, चादरी दिसतात. त्या कशा फडफडतात त्यावरून त्यांचा हिशोब. "चादर दोरीला आडवी झाली की नखरे करू नकोस. पहिलं बरं शेत घे. वाऱ्याच्या तोंडावर ये. आणि वेग थोडा जास्तच ठेव. जमिनीजवळ वारा चोर असतो. वर देतो, खाली आल्यावर काढून घेतो." हे वाक्य त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. तरी मी पडलो. का पडलो ते सांगतो, आणि ते सांगताना मला अजून राग येतो.

आमच्या क्लबात एक कप होता. कान तुटलेला, काठावर टवका गेलेला. जो कुणी मैदान सोडून बाहेर उतरेल त्याने पुढचा माणूस बाहेर उतरेपर्यंत त्या कपातून चहा प्यायचा, अशी रीत. बाकीच्यांना बशीसकट पांढरे कप. चहा आला की सगळ्यांच्या नजरा त्या एकाच्या हाताकडे. ह्याला आमचे सेक्रेटरीसाहेब, पार्ल्याचे वकील, 'खेळीमेळी' म्हणायचे. मी म्हणतो, ज्या देशात माणसाला वेगळा कप देणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्या देशात शिकल्यासवरल्या माणसांनी गंमत म्हणून वेगळा कप काढावा? लाज वाटायला हवी होती. वाटली मात्र आम्हाला, आणि ती भलत्याच गोष्टीची.

मास्तरांना त्या कपाचं काहीच वाटत नसे. पाळी नसली तरी ते तोच कप उचलायचे. "दोन्ही हातांनी धरावा लागतो. हात गरम राहतात," म्हणायचे. पण मास्तर पन्नाशीचे होते. आम्ही वीस-बावीसचे. त्या वयात माणूस हाड मोडून घेईल, पण हसं करून घेणार नाही.

मी पडलो त्याच्या आदल्या वर्षी वसंता पडला होता. आमच्याच बरोबरीचा, गोरेगावचा. घराकडे यायला धडपडला, उंची संपली आणि ताडाच्या झाडाला पंख लागला. अजून काठी घेऊन चालतो. कमिटीने लिहिलं, 'वैमानिकाची चूक.' झालं. फाईल बंद.

मग माझी पाळी. डिसेंबरची दुपार. मी मरोळवर होतो, उंची चांगली होती, खाली फिलूबायचं लांब खाचर पसरलेलं. आणि वाडीतल्या दोरीवर चादरी आडव्या झाल्या. मी त्या बघितल्या. स्पष्ट बघितल्या. डोळ्यांपुढे शेत होतं आणि डोक्यात कप होता. मी नाक घराकडे वळवलं.

रुळांपर्यंतसुद्धा पोचलो नाही. विजेच्या तारा समोरून वर चढताना दिसायला लागल्या. म्हणजे मी खाली जात होतो. घाबरून परत वळलो, तेही इतक्या खाली, की एक पंख जवळजवळ जमिनीला. वारा पाठीमागून आला आणि त्याने मला उचलून एका तबेल्याच्या बांधावर आपटलं. म्हशी दोरखंडं तोडून पळाल्या. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ग्लायडरचं नाक चेपलं. पहिले धावत आलेले भैया म्हणाले, "जिंदा है!" ते म्हशीबद्दल बोलत होते.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीसाहेब आले. मोसंबी घेऊन. मोसंब्यांच्या खाली टंकलिखित कागद.

"सही कर. फक्त वस्तुस्थिती आहे."

वस्तुस्थिती अशी, की प्रशिक्षक विद्यार्थ्यांना शेतात उतरण्याचं वेड लावतात. त्यामुळे विद्यार्थी बेफिकीर होऊन लांब जातात. सदर अपघात त्याचाच परिणाम. ह्या कागदाच्या जोरावर महिनाअखेरच्या सभेत ठराव यायचा होता: रुळांपलीकडे कुणी जायचं नाही, कुठल्याही हवेत मैदानावरच परतायचं आणि मास्तरांना प्रशिक्षक म्हणून मुक्त करायचं.

"साहेब, मी शेतात उतरताना नाही पडलो. शेत सोडलं म्हणून पडलो."

"तू तरुण आहेस. हे लोक शिवणयंत्रं दुरुस्त करणारे. ह्यांच्या नादाला लागून करिअर घालवू नकोस."

"हे लोक म्हणजे कोण?" मी विचारलं. साहेबांनी टोपी घातली. मोसंबी ठेवून गेले, कागद घेऊन गेले.

पत्रकं लिहिणं हा माझा धंदा. चाळीतलं पाणी असो, भाडेवाढ असो, राज्याच्या सीमा असोत. मी रात्री लिहिणार, सकाळी स्टेशनवर वाटणार. डाव्या हाताला झोळी बांधलेली, उजव्या हाताने मी लिहून काढलं. काय लिहिलं होतं! 'नराधम कमिटी', 'रक्तपिपासू कप', 'इतिहास क्षमा करणार नाही'. दुकानात जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर एका यंत्राच्या पोटात हात घालून ऐकत होते. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"वारा किती होता?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"त्या दिवशी. वारा किती होता ते कुठे लिहिलंस? उंची किती होती? पायाखाली शेत होतं ते का नाही लिहिलं?"

मी दोन्ही पानं उलटून बघितली. कुठेच नव्हतं.

त्यांनी तेलकट पेन्सिल घेतली आणि एकेक विशेषण खोडलं. नराधम गेलं. रक्तपिपासू गेलं. इतिहासावर त्यांनी दोनदा रेघ मारली. दोन पानांच्या नऊ ओळी उरल्या. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. "आता ह्याच्यात तू काय केलंस ते लिही."

"मास्तर, मी माझ्याविरुद्ध लिहू?"

"खरं लिही. कुणाविरुद्ध होतं ते मग बघू."

आणि त्यांनी भिंतीवरचा शिवणयंत्राच्या जाहिरातीचा पुठ्ठा उतरवला. त्याच्यामागे शिंप्यांच्या खाकी कागदावर त्यांनी हाताने काढलेला नकाशा होता. मैदान, रूळ, मरोळ, खाचरं. क्लब सुरू झाल्यापासून जो जिथे बाहेर उतरला तिथे एक सुई टोचलेली. जो पडला त्याची सुई मोडकी. सबंध सुया मरोळभर, कोंडिवट्यापर्यंत, मोकळ्या पसरलेल्या. मोडक्या सगळ्या एका पट्ट्यात: शेतं आणि मैदान ह्यांच्यामध्ये, घराकडे येताना. शेतात मोडकी सुई एकही नव्हती. त्यांनी माझ्यादेखत एक नवी सुई घेतली, टोक मोडलं आणि तबेल्याच्या जागी टोचली.

मी लिहिलं. 'माझ्या पायाखाली चांगलं शेत होतं. मला कान तुटलेल्या कपाची लाज वाटली, म्हणून मी ते सोडलं. शेतात उतरलो असतो तर आज माझं हाड शाबूत असतं. ज्यांना शंका असेल त्यांनी मास्तरांच्या दुकानातला नकाशा बघावा.' आयुष्यात इतकं रुक्ष पत्रक मी काढलेलं नाही. आणि इतकं वाचलं गेलेलंही नाही. लोक दुकानात येऊन नकाशा बघायला लागले. कुणी यंत्र दुरुस्तीलाही टाकून जायचे.

पुढच्या रविवारी सगळ्या विद्यार्थ्यांनी क्लबातल्या चहावर बहिष्कार टाकला. कप जाईपर्यंत चहा नाही. मी झोळीतल्या हाताने दाराशी उभा, पाठीमागे सगळी पोरं, घोषणा जोरात. आणि आत मास्तर एकटेच फुरके मारत चहा पीत बसलेले.

"मास्तर, तुमच्यासाठी चाललंय हे!"

"चालू द्या ना. चहा नाही मिळाला तर माझं डोकं दुखतं."

चहावाला रडकुंडीला आला, तेव्हा कमिटीने कप कपाटात कुलूपबंद केला. आम्ही जल्लोष केला. पण ठराव तसाच होता. सभेला आठ दिवस उरले होते, कमिटीत सातांपैकी पाच मतं साहेबांची. मास्तर गेले की प्रत्येकाला वाऱ्याच्या तोंडावर घराकडेच यावं लागणार होतं. पुढची मोडकी सुई कुणाची, एवढंच ठरायचं होतं.

सभेच्या आधीच्या रविवारी सेक्रेटरीसाहेब स्वतः उडाले. वैमानिक ते उत्तम होते, हे मी नाकारत नाही. निघताना आम्हाला ऐकू जाईलसं म्हणाले, "मैदान न सोडता कसं उडतात, ते दाखवतो." हवेला इंग्रजी कळत नाही आणि मराठीही. तिने त्यांना उचललं, झकास वर नेलं, आणि नेता नेता रुळांपलीकडे नेलं.

पावणेतीन वाजता मास्तरांच्या छत्रीवरचा दोरा ताठ झाला. "आला," मास्तर म्हणाले. लांब मरोळच्या वर पिवळं ग्लायडर. त्याचं नाक आमच्याकडे वळलं. सगळं मैदान उभं राहिलं. कमिटीतले कुणीतरी म्हणाले, "साहेब आहेत, येतील." ग्लायडर जागेवर लटकलं होतं, दोरी बांधलेल्या पतंगासारखं. पुढे काही येईना. खाली मात्र यायला लागलं.

खरं सांगतो, माझ्या मनात एक क्षण आलं होतं: पडू दे. वाट लागली पाहिजे ह्याची. मी शेजारी बघितलं तर मास्तरांचे ओठ हलत होते. सेक्रेटरींना जन्मभर 'साहेब' म्हणणारा हा माणूस पुटपुटत होता, "वळ. वळ रे बाबा. वळ ना रे." तबेल्याच्या बांधावर मी आपटलो तेव्हा इथे उभे राहून ते हेच म्हणत असणार. मीही म्हणायला लागलो. मोठ्याने.

नाक वळलं. पिवळा पंख उन्हात एकदा चमकला आणि ग्लायडर मरोळच्या ताडांमागे दिसेनासं झालं.

"गेले!" कुणी ओरडलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "गेला नाही. वेळेवर वळला. आता उतरेल," म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी सायकलवर होते. आम्ही पाठोपाठ. मी एका हाताने सायकल चालवत.

फिलूबायचा आवाज आम्हाला रस्त्यावरच भेटला. "मास्तर! हा तुझा हाय काय? माझे वालाचे वेलांवर पाय ठेवला यानं! वर मला विच्यारते, हे कुनाचा शेत!" खाचराच्या मधोमध, वाऱ्याकडे नाक करून, ग्लायडर बसलं होतं. ओरखडा नाही. शेजारी सेक्रेटरीसाहेब, टोपी हातात, पँटला काटेकुटे चिकटलेले. आम्हाला बघताच त्यांनी छाती पुढे काढली.

"गैरसमज नको. मी मुद्दाम उतरलो."

आम्ही हसू दाबलं. मास्तर हसले नाहीत. ग्लायडरपासून मागे, जिथे चाक पहिल्यांदा टेकलं होतं तिथपर्यंत चालत गेले, परत आले.

"बरोबर, साहेब. मुद्दामच उतरायचं असतं."

साहेबांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. मग अगदी हळू, वकिलाच्या आवाजात नाही, म्हणाले, "खाली आल्यावर वारा एकदम कमी होतो."

"होतो."

"तुम्ही पोरांना सांगता ते कानावर होतं. वेग राखला."

"म्हणून आपण बोलतोय," मास्तर म्हणाले. "बाय, साहेबांना पाणी दे. वालाचं मी बघतो."

ग्लायडर सुटं करून दोन बैलगाड्यांवर चढवलं. पुढे छत्री उभी धरून मास्तर, मागे पंखाचं टोक हातात धरून सेक्रेटरीसाहेब, त्यांच्यामागे आम्ही आणि निम्मं मरोळ. अंधेरीच्या फाटकाशी गाड्या थांबल्या. बाजारातली माणसं गोळा झाली. एक भाजीवाला गाडीखाली वाकून बघत म्हणाला, "अरेरे! पडलं काय हो?"

मी तोंड उघडणार तोच पाठीमागून कोर्टातला खणखणीत आवाज आला. "पडलं नाही! उतरवलंय! मी उतरवलंय!" आणि इतकी माणसं ऐकत आहेत म्हटल्यावर ते पंखाचं टोक सोडून त्या भाजीवाल्याला समजावायलाच लागले: वारा कसा होता, शेत कसं निवडलं, कसे आले. फाटक उघडलं तरी थांबेनात. मास्तरांना परत येऊन त्यांना दंडाला धरून न्यावं लागलं.

सभेत ठराव आला तो ज्यांनी लिहिला त्यांनीच मागे घेतला. नवा ठराव दीड ओळीचा होता: वारा असेल तेव्हा शेतात उतरावं, आणि शनिवारी शेतं चालल्याखेरीज कुणालाही एकट्याने उडू देऊ नये. कमिटीसकट कुणालाही. 'कमिटीसकट' हा शब्द मास्तरांनी घालायला लावला. सभेत त्यांनी उच्चारलेला तो एकमेव शब्द.

त्या शनिवारी मरोळच्या बांधावर सातही जण हजर. इस्त्रीच्या पँटी, पॉलिश केलेले बूट. मास्तरांनी एकेकाच्या पायांकडे बघितलं.

"बूट काढा."

"मास्तर, खुंट टोचतात."

"म्हणूनच काढा. ढेकूळ केवढं कडक आहे ते तळव्यालाच कळतं. बुटाला नाही कळत."

सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांआधी लेस सोडली. बांधावर बुटांचे सात जोड ओळीने लागले आणि पार्ले-अंधेरीची ती सगळी प्रतिष्ठा, पँटी पोटरीपर्यंत दुमडून, 'आई गं, आई गं' करत, मास्तरांच्या छत्रीमागून फिलूबायच्या खाचरात उतरली.